निळ्या सटव्याची माती

फार वर्षांपूर्वी, नक्की किती ते मला विचारू नका, ज्यांना विचारायचं ते सगळे मेले, आमच्या बोरदऱ्याच्या ओढ्याला नितळ पाणी होतं. तळाचा खडा वरून दिसायचा, असं म्हणतात. पुढं मी सांगणार आहे त्यात माणूस निळा होतो, म्हशीचं दूध निळं होतं, ते तुम्ही मुकाट ऐकून घ्याल. पण ओढा नितळ होता म्हटलं की हसाल. हसा.

त्या काळी वरच्या अंगाला, जिथं ओढा डोंगरातून उतरतो तिथं, सटवा नावाचा रंगारी येऊन राहिला. बरोबर बायको ठकू, एक गाढव आणि गाढवाच्या पाठीवर नीळ. त्यानं काठावर मोठाले रांजण पुरले. त्यात नीळ, चुना, हिराकस आणि पिवळी हरताळ घालून तो ते आंबवायचा. हरताळ म्हणजे निव्वळ विष, पण तिच्याशिवाय निळा रंग कापडाला धरत नव्हता. रंग मात्र असा निघायचा की मोरानं बघावं आणि पिसारा मिटून घ्यावा, असं म्हणतात.

गाव खूश झालं. आधी गावातल्या बायका पांढऱ्या, मळक्या लुगड्यांत फिरायच्या. आता त्या निळ्या झाल्या. लांब लांबचे व्यापारी यायला लागले. बोरदऱ्याचं निळं लुगडं नेसलेली बाई जत्रेत लांबून ओळखू यायची. खंडेराव पाटील मिशीला पीळ देत सांगायचा, "आमचा रंग हाय त्यो." रांजणात कधी बोट बुडवलं नव्हतं बेट्यानं.

आमच्याकडं एक रीत होती. परगावची बाई गावात नांदायला आली की गावातलं एक घर तिचं माहेर व्हायचं. ठकूचं माहेर झालं हैबतीच्या घरी. हैबती म्हातारा, चिक्कू, तोंडानं फटकळ, पण तिला लेक म्हणाला तो म्हणाला. दिवाळीला तिला न्हाऊ घालायचा, चोळी द्यायचा आणि वर बोलून दाखवायचा, "नवरा रंगारी, आन् चोळी माझ्याकडनं पांढरी! घरी जाऊन बुडीव."

तर हे माहेर. आणि त्या माहेराचं वावर कुठं, तर रांजणांच्या बरोबर खाली.

रंगाचं उरलेलं पाणी सटवा ओढ्यात सोडायचा. सगळे रंगारी सोडतात. हैबती ओढ्याचं पाणी पाटानं वावरात घ्यायचा. सगळे शेतकरी घेतात. यात कुणी चोर नाही, दरोडेखोर नाही. म्हणूनच तर कुणी कुणाला अडवलं नाही.

आधी ओढा निळा झाला. पोरं त्यात हात बुडवून एकमेकांच्या पाठीवर पंजे उठवायची. मग बगळे निळे झाले. मग पाटलाच्या म्हशीचं दूध निळसर निघालं. कुणी शहाणा असता तर घाबरला असता. पाटलानं गावजेवण घातलं. "गोकुळात तरी असं दूध होतं का रं?" असं तो पंगतीत फिरत विचारत होता आणि लोक निळी खीर ओरपत माना डोलवत होते. देवानं रंग धाडला, असं ठरलं.

मग हैबतीच्या वावरात ज्वारीची ताटं उंच झाली, पण कणसं पोचट. पुढल्या साली ताटंही खुजी. त्याच्या पुढल्या साली पेरलं ते वर आलंच नाही. नांगराच्या तासात गांडूळ दिसेना. चिमण्या त्या वावरावरून उडताना पंख आवरून, घाईनं जायच्या, असं म्हणतात. हैबतीची गाय बांधावरचं गवत खाऊन बसली ती उठली नाही. मग त्याच्या खालचं वावर, मग त्याच्याही खालचं. पाणी जिथवर पोचत होतं तिथवर जमीन मुकी होत गेली.

आता घटाचं ऐका, कारण सगळं तिथंच अडकलंय. नवरात्रात घट बसवतात तेव्हा आपल्याच वावरातली माती आणायची असते. तिला वावरी म्हणतात. पत्रावळीवर ती पसरायची, मधे पाण्याचा घट ठेवायचा, भोवती धान्य पेरायचं. दसऱ्यापर्यंत कोंब वितीवितीचे होतात. ज्याच्या घटाचे कोंब दाट त्याचं पीक दाट, असं देवीच सांगते. मग दसऱ्याला ते कोंब फेट्यात खोचून मिरवायचे. देवीला आपलं वावर दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ. वैद्याला जीभ दाखवतात तसं.

तर ज्या साली वावरं मुकी झाली, त्या साली घट बोडके राहणार हे उघड होतं. आणि बोडका घट म्हणजे घराला कलंक. सोयरीक मोडते. मग कुणाच्या तरी घरातली बाई पहाट फुटायच्या आत माळावर गेली आणि वारुळाची माती घेऊन आली. मऊ, भुसभुशीत, जिथं रंगाचं पाणी कधी चढलं नव्हतं अशी. ते पहिलं घर पाटलाचं होतं, असं म्हणतात. दुसऱ्या साली निम्मं गाव माळावर. तिसऱ्या साली वारुळं भुईसपाट. मुंग्या दुसऱ्या गावी गेल्या. सगळ्यांचे घट हिरवेगार! आणि मग तीच माणसं एकमेकांचे घट बघून म्हणायची, देवीनं दाखवलंय, जमीन चांगलीच आहे, आपलाच हात हलका पडतोय. आपणच देवीला फसवायचं आणि मग देवीनं सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा. अशी ही आमची जात. मी पूर्वीच्याच लोकांबद्दल बोलतोय असं समजू नका.

रंगाऱ्याला वावर नव्हतं. त्यामुळं ठकूला घटासाठी वावरी माहेरून आणावी लागायची. एरवी ती हैबतीच आणून द्यायचा. त्या तिसऱ्या साली ठकू पदर पसरून त्याच्या दारात उभी राहिली.

"आबा, घटाला मूठभर माती द्या की."

हैबती नुकताच माळावरून स्वतःच्या घटाची माती घेऊन आला होता. पाय दाबत बसला होता.

"आता तुझ्या दादल्याच्या घटासाठी पुन्यांदा कोण चालंल? बांधाखालची घे जा, वावरातली."

"आबा, पर तिथं तर कायबी उगवत न्हाई."

"मग निळं उगवंल! तुझ्या घरी चालतंयच की निळं!"

ठकूला वारुळाची भानगड माहीत नव्हती. परगावची बाई, तिला कोण सांगणार? ती गुमान हैबतीच्या वावरातली माती घेऊन गेली. म्हणजे बघा, सगळ्या गावात त्या साली एकाच घटात खरी माती होती, आणि ती सुद्धा एका म्हाताऱ्याच्या आळसामुळं.

ठकूनं मनोभावे पेरलं. पाणी शिंपडलं. कोंब नाहीत. धान्य तसंच पडून राहिलं आणि वर निळसर बुरशी चढली. नवरात्र सरत आलं तशी ती रडून रडून सुजली. बाया दारावरून जाताना तोंडाला पदर लावायच्या. रंगाऱ्याच्या घरात पाप आहे, असं बोलणं सुरू झालं. सटवा मात्र घटाजवळ बसून राहिला. त्यानं त्या मातीचा वास घेतला. आपल्या रांजणाचा वास त्याला कळला. लेकराचा वास बापाला कळावा तसा कळला, असं म्हणतात.

दसऱ्याला गाव देवळापुढं जमलं. सगळ्यांच्या फेट्यांत हिरवे तुरे. सटवा ती बोडकी पत्रावळ दोन्ही हातांवर घेऊन मधे येऊन उभा राहिला.

"हैबतीआबा," तो म्हणाला, "तुमच्या फेट्यात कोंब हायेत, त्यांची माती कुणाची?"

"माझीच," हैबती म्हणाला, पण खाली बघून.

"आन् ही पत्रावळ? ही बी तुमच्याच वावरातली. ठकूनं तुमच्या सांगन्यावरनं आणली. एकाच वावरात दोन तऱ्हा कशा?"

पाटील पुढं आला. "रंगाऱ्या, सणाचा दिवस हाय. तुझ्या घरात पाप, म्हणून तुझा घट बोडका. घरला जा."

"पाप माझंच हाय, पाटील. त्येच इचारतोय. माझं पाप ह्यांच्या वावरात कसं गेलं?"

हैबतीला सहन झालं नाही. त्यानं फेट्यातला तुरा उपटून जमिनीवर आपटला.

"वारुळाची! वारुळाची माती हाय! पाटलाच्या डोक्यावर बी वारूळच हाय, आन् गुरवाच्या बी! सगळं गाव डोक्यावर वारूळ घेऊन उभं हाय! झालं समाधान? आता रंगव मला!"

कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. लोक सोनं वाटायला लागले. आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देऊन, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत घरी गेले. ह्याच्यापेक्षा दगड मारले असते तर बरं झालं असतं.

सटव्यानं पाटलाला सांगितलं, मी रंग बंद करतो. पाटील भडकला. रंग बंद झाला तर गाव पुन्हा मळकं होईल, व्यापारी दुसरीकडं जातील. "जमिनीचं काय, ती आज न्हाई उद्या सुधरंल. रंग गेला तर परत येनार न्हाई," असं तो म्हणाला. हे वाक्य कधी मेलं नाही. मी माझ्या कानानं ऐकलंय, पाटलाच्या नव्हे, दुसऱ्यांच्या तोंडून.

सटवा घरी आला, त्यानं कुदळ उचलली आणि रागाच्या भरात एकजात सगळे रांजण फोडले.

इथं लोक हात जोडतात. कीर्तनकार तर टाळ्या घेतात. मला मात्र इथं त्याची चीड येते. अरे शहाण्या, रांजण भरलेले होते! वर्षानुवर्षांचा गाळ तळाशी होता. तो सगळा लोंढा सुटला आणि गेला कुठं? खाली. हैबतीच्या वावरात. जेवढं विष थेंबाथेंबानं गेलं नव्हतं तेवढं एका दुपारी गेलं. वावर आभाळासारखं निळं दिसत होतं, आणि त्यात उभं राहून हैबती नुसता वर बघत होता, आभाळ खरंच वर आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी हैबतीनं गाडी जुंपली. भांडी, जातं, देव्हारा सगळं भरलं. तो गाव सोडून निघाला. ठकू येऊन चाकापुढं आडवी बसली.

"माझं म्हायेर गाडीत घालून कुठं नेताय?"

"बाजूला हो ठके. म्हायेर मेलं तुझं. तुझ्या नवऱ्यानं मारलं."

सटवा बैलांपुढं उभा राहिला. तो बोलका माणूस नव्हता. म्हणाला, "आबा, तुमच्या वावराच्या मातीत घट उगवंस्तवर मी हितनं हलत न्हाई. उगवला न्हाई तर मला बी त्यातच पुरा."

हैबतीनं त्याला शिव्या दिल्या. त्या सांगण्यासारख्या नाहीत. मग गाडीचे बैल सोडून परत गोठ्यात बांधले.

सटव्यानं पहिलं काम केलं ते पाण्याचं. रांजणांच्या जागेवरून ओढ्यात झिरपत होतं ते बांध घालून अडवलं. वरून येणं थांबल्याशिवाय खाली झाडून उपयोग नाही, एवढं तर लहान पोरालाही कळतं. मोठ्यांना कळत नाही. मग त्यानं वावराची वरची माती खरवडून टोपलीत भरायला सुरुवात केली. हैबती बांधावर बसून ओरडायचा, "अरं, खोल घे! वरवर खरवडतोय न्हाव्यागत!"

ती माती सटवा नदीत टाकून आला. झालं! नदीचे मासे पोट वर करून तरंगले आणि खालच्या गावचे लोक काठ्या घेऊन आले. मार खाऊन सटवा घरी आला तेव्हा ठकू त्याला म्हणाली, "आपल्या दारातला केर दुसऱ्याच्या दारात लोटलात. ह्याला झाडनं म्हनत्यात व्हय?"

मग त्यानं माळावर, पांढऱ्या मुरमात, पेव खणलं. धान्य साठवायला जमिनीत पेव असतं ना, तसंच, पण हे विषाचं. आतून त्यानं चिकणमाती तुडवून तुडवून जाड थर दिला, थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही असा. ठकूनं तो घोटून घोटून घागरीसारखा गुळगुळीत केला. आणि मग टोपली टोपली करून वावरातली वाईट माती त्या पेवात जाऊ लागली.

आणि इथून ते आश्चर्य सुरू झालं. जमिनीतला निळा रंग जसा उतरायला लागला तसा तो सटव्याच्या अंगावर चढायला लागला. आधी तळपाय. धुतले, घासले, गेला नाही. मग घोटे. मग गुडघे. वावराचा एक तुकडा पुन्हा तांबडा झाला की सटवा वीतभर वर निळा झाला, असं म्हणतात. खोटं म्हणायचं असेल तर म्हणा. पण विष कुठंतरी जावं लागतं, हे मात्र खोटं नाही.

खरवडलेल्या जागेवर त्यानं तळ्याचा गाळ आणून टाकला, शेणखत टाकलं. त्यावर मोहरी पेरली. मोहरी तरारून आली! हैबती आनंदानं येडा झाला. त्याची शेळी बांधावरून तोंड घालून चार पानं खाऊन गेली आणि संध्याकाळच्या आत आडवी झाली. तेव्हा त्यांना कळलं की पहिलं पीक खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. ते उरलेलं विष ओढून घेतं. सटव्यानं सगळी मोहरी मुळासकट उपटली आणि पेवात नेऊन टाकली. पुढल्या साली पुन्हा मोहरी, पुन्हा उपटली. हिरवं उभं पीक आपल्या हातानं उपटून खड्ड्यात टाकायचं! शेतकऱ्याला विचारा काय होतं ते. हैबती तोंड फिरवून बसायचा. मग ताग पेरला, फुलावर आला की तो नांगरून गाडला. असं सालोसाल.

गाव काय करत होतं? गाव बघत होतं. निळी लुगडी विटली तेव्हा सटव्याला शिव्या देत होतं. पाटलाचं मुकं वावर काही सुधारेना तेव्हा त्यानं माणूस पाठवला, आमची बी माती काढून टाक म्हणून. सटवा म्हणाला, "टोपली घेऊन या म्हनावं. दोघं मिळून काढू." पाटील आला नाही. तो माळावर दुसरं वारूळ शोधत होता.

दर नवरात्रात ठकू हैबतीच्या वावरातलीच माती घटाला आणायची. बोडका. पुन्हा बोडका. मग एका साली पिवळट, मलूल कोंब आले आणि माना टाकून मेले. त्या दिवशी हैबती पहिल्यांदा बांधावरून खाली उतरला आणि त्यानं टोपलीला हात लावला. "न्हावी एकटा किती भादरणार?" एवढंच म्हणाला.

सटवा कमरेपर्यंत निळा झाला, मग छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. केस पांढरे झाले तेवढेच पांढरे राहिले. शेवटची टोपली पेवात पडली तेव्हा रंग त्याच्या डोळ्यांत चढला. त्याला सगळं निळंच दिसू लागलं. ठकू निळी, भाकरी निळी, ऊन निळं.

त्या नवरात्रात तो अंथरुणावर होता. दसऱ्याला ठकूनं घटाची पत्रावळ त्याच्या पुढं आणली.

"हिरवं हायेत का गं? मला निळंच दिसतंय."

"हिरवं हायेत."

"मला बरं वाटावं म्हनून सांगू नको. माती कुणाची?"

"आबांच्या वावराची. तुमच्या गळ्याची आन."

त्यानं चाचपून बघितलं. कोंब वितीचे होते, दाट, गार. मग तो म्हणाला, "मला जाळू नका. धूर गावावर जाईल, राख नदीला जाईल. मी आता त्याच मातीतला हाय. पेवात टाका आन् वरनं झाका."

हैबतीनं आपल्या हातानं एक कोंब उपटून त्याच्या फेट्यात खोचला. "घे," म्हणाला, "माझ्या वावराचा हाय. वारुळाचा न्हाई." सटव्यानं ऐकलं की नाही, ते कुणी सांगत नाही.

त्याला पेवात ठेवलं. वर चिकणमातीचा जाड थर दिला, ढीग रचला, आणि पावसानं तो वाहून जाऊ नये म्हणून ठकूनं त्यावर वाळा लावला, त्याची मुळं माती घट्ट धरून ठेवतात. इथं चरायचं नाही, उपटायचं नाही, खणायचं नाही, असं तिनं गावाला बजावलं. तेच हे सटव्याचं टेकाड. वाळ्याच्या काड्यांची बुडं अजून निळी निघतात, असं म्हणतात.

त्याच्या नावानं गाव आजही सगळं करतं. घट बसतात त्या दिवशी प्रत्येक घरानं आपल्या वावरातली माती द्रोणात घालून टेकाडावर ठेवायची, त्यात धान्य पेरायचं. ज्याचा द्रोण बोडका राहील त्याच्या वावरात सगळ्या गावानं टोपल्या घेऊन जायचं. त्यासाठी देवळात दर साली नव्या टोपल्या टांगायच्या. आणि दसऱ्याला सोनं देण्याआधी एकमेकांच्या कोंबांकडं बोट करून विचारायचं, "माती कुणाची?"

सगळं करतात. फक्त वावरी आता तालुक्याच्या बाजारातून येते, पिशवीत भरलेली, भुगा आणि खत घातलेली. त्यात दगड पेरला तरी उगवेल. टेकाडावरचा वाळा सटवाबाबाचा प्रसाद म्हणून उपटतात आणि पाण्याच्या माठात टाकतात. वास छान येतो म्हणे. वरच्या अंगाला, जिथं रांजण होते, तिथं आता कापड रंगवायची शेड आहे, आणि ओढ्याचा रंग वारागणिक बदलतो, सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. दसऱ्याला सगळे टोपीत हिरवे तुरे खोचून येतात. माती कुणाची, असं विचारतात. माझीच, असं सांगतात. ज्यानं विचारलं तो सोनं देतो आणि पुढं जातो.

टेकाडावरच्या रांगेत दर वर्षी एक द्रोण मात्र बोडका असतो. ओढ्याकाठच्या वावराचा, बाजारच्या नव्हे, त्याच वावरातल्या मातीचा. तो कुणाचा, ते गावाला ठाऊक आहे. आरतीच्या आधी पोरं तो उचलून मागं वाळ्यात ठेवतात, फोटोत वाईट दिसतो म्हणून. टोपल्या देवळातच असतात, टांगलेल्या, एकाही टोपलीला अजून माती लागलेली नाही.